सशिणीसाठी डॉक्टर पाहताना

गेल्या हिवाळ्यात मी जनावरांच्या डॉक्टरांची हात धुवायची जागा पाहत गोंदिया जिल्ह्यात हिंडले. आमच्या घरच्या सशिणीचं ऑपरेशन करायचं होतं. लोक पाटी पाहतात, डिग्री पाहतात, दारात उभ्या गाड्या मोजतात आणि डॉक्टर ठरवतात. मी आत शिरते, नमस्कार करते आणि विचारते, "हात कुठं धुता?" निम्म्या माणसांचा चेहरा तिथंच पडतो. उरलेली निम्मी जागा दाखवतात, तेव्हा माझा पडतो.

ही खोड नोकरीची आहे. पंचवीस वर्षं मी ग्रामीण रुग्णालयात ऑपरेशन थिएटरची सिस्टर आहे. कुटुंब नियोजनाच्या शिबिरांत इतक्या बायका माझ्या टेबलवरून गेल्यात, की लग्नाच्या पंगतीत वाढायला आलेल्या दहाजणींपैकी चौघींच्या बेंबीखालचा टाका मला ठाऊक असतो. त्या जिलेबी वाढतात, मी टाका आठवते. त्यामुळे सशिणीची बातमी गावात फुटली तेव्हा पिठाच्या गिरणीवर एकीनं सगळ्यांदेखत विचारलंच, "काऊन सिस्टर, औंदा टार्गेट पुरं नाही होऊन राहिलं का? आता सशायवर आल्या तुम्ही."

"तुझा नवरा आला असता तर सशांपर्यंत गेले नसते," मी म्हणाले. गिरणीवाला पट्टा बंद करून हसला.

सशीण आधी एकटी नव्हती. ह्यांनी बाजारातून जोडी आणली होती. हे म्हणजे माझे यजमान. दवनीवाड्याच्या बाजूला आमची धानाची शेती आहे, ती हे पाहतात, आणि उरलेल्या वेळात तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटतात. दोन वर्षांपूर्वी नणंदेकडच्या लग्नाला बालाघाटला गेलो तेव्हा ससे सांभाळायला कोणी नव्हतं म्हणून टोपलीत घालून बरोबर नेले. परतताना पॅसेंजर गाडी, चैत्राचं ऊन. थंडावा राहील म्हणून मी टोपलीवर ओला टॉवेल टाकला आणि कडेनं घट्ट बांधला. गोंदियाला उतरून टॉवेल सोडला तर ससा आडवा झालेला होता. सशीण त्याच्या कानावर तोंड ठेवून बसली होती. मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं, ऊन लागलं. हवा कोंडली असं म्हणाले नाही.

त्यानंतर सशिणीला दर दीड-दोन महिन्यांनी बाळंतपणाची हौस येऊ लागली. घरात नर नाही, पोटात पिल्लू नाही, तरी बाईसाहेब स्वतःच्या गळ्याचे आणि छातीचे केस तोंडानं उपटायच्या, खाटेखाली त्यांची गादी करायच्या आणि त्या रिकाम्या गादीवर पहारा द्यायच्या. शेवटी एका खेपेला छातीचं कातडं उघडं पडून ओलं झालं. एका सकाळी त्या ओल्या कातड्यावर माशीनं घातलेली पांढरी अंडी मी चिमट्यानं एकेक उचलली. शेजारी हे खर्रा घोटत बसले होते. चुन्याचा वास, तंबाखूचा वास आणि चिमट्याच्या टोकाला ते पांढरं. त्या दिवशी मी दुपारपर्यंत जेवले नाही.

नागपूरच्या एका डॉक्टरला फोन लावला. तो म्हणाला, गर्भाशय काढून टाका; हे थांबेल, आणि पुढं तिथं गाठी होतात तेही टळेल. इकडं घेऊन या.

"रेल्वेत नाही बसवणार मी तिला," मी म्हणाले.

"मग तिकडं सशावर हात बसलेला कोणी शोधा. पण नीट शोधा. ससा भुलीत पटकन जातो."

म्हणून शोधायला निघाले. एक माझ्या हातानं गेला होता. दुसरी कोणाच्या हाती देते आहे ते मला पाहायचं होतं.

पहिला डॉक्टर गोंदिया शहरातला. काचेचं दार, आत गारवा, भिंतीवर परदेशी कुत्र्यांचे फोटो, कोपऱ्यात माशांची टाकी. टाकीत एक मासा उताणा तरंगत होता, तिथंच मी मनातल्या मनात एक गुण कापला. डॉक्टरसाहेब अत्तर लावून बसले होते.

"टेन्शन मत लो, सिस्टर. खरगोश मतलब छोटी बकरी."

"हाथ कहाँ धोते हो?"

त्यांनी मोठ्या उदार मनानं पडदा बाजूला केला. बेसिनमध्ये चहाचे चार कप. त्यांवर गाळणी. गाळणीत चोथा. आणि त्या चोथ्यात नाक खुपसून टाके कापायची कैची. कैचीच्या पात्यांत केस अडकलेले, पांढरेही आणि तांबडेही. नळाच्या वर भिंतीवर खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या: वरची ओली, तिच्याखालची वाळलेली, त्याखालची काळी पडलेली. कुठल्या वर्षी कोण थुंकलं ते थर मोजून सांगता आलं असतं. मी सगळं डोळे भरून पाहिलं. मला किळस आली की बघवत नाही असं होत नाही. उलट मान वाकडी करून कोपऱ्यातलंही पाहावंसं वाटतं.

"हाथ का क्या है, ग्लोव्हज पहनते हैं ना," ते म्हणाले आणि खिडकीकडे बोट केलं. गजावर हातमोजे वाळत होते. धुऊन, पावडर लावून, पाचही बोटं खाली लोंबणारे. एकाचं मधलं बोट फाटलं होतं, त्याला चिकटपट्टी होती.

"कल ले आओ. रात से भूखा रखना, पानी भी नहीं."

एवढं एकच वाक्य मला पटलं. ऑपरेशनच्या आधी पोट रिकामं हवं, हे तर आमच्याकडे झाडूवालीलाही पाठ असतं.

बाहेर हे मोटारसायकलवर बसले होते. "कसा हाय डॉक्टर?"

"चहा चांगला करत असेल," मी म्हणाले.

दुसरा ह्यांच्या पसंतीचा होता. तिरोड्याच्या रस्त्यावर त्याचं औषधाचं दुकान, मागं दवाखाना. आमच्या म्हशीचं अडलेलं रेडकू याच माणसानं ओढून काढलं होतं, म्हणून ह्यांच्या लेखी तो देव होता. सशिणीची टोपली घेऊन आम्ही पोचलो तेव्हा देव नुकताच कुठल्याशा गोठ्यातून आला होता. उजवा हात कोपराच्या वरपर्यंत कशानं तरी माखून वाळला होता आणि त्याचे पापुद्रे सुटत होते. त्याच हातानं त्यानं मला नमस्कार केला.

"हात कुठं धुता?"

"धुतले ना जी सकाळी."

मग त्यानं सशिणीला कानांना धरून टोपलीतून वर काढलं. ती हवेत लाथा झाडू लागली. मी खालून हात दिला नसता तर पाठीचा कणा तिथंच गेला असता. त्याच्या गालात खर्ऱ्याचा लिंबाएवढा गोळा होता, त्यामुळे शब्द ओले होऊन बाहेर येत होते.

"नर असता तं दोन मिनिटाचं काम होतं. चिमटा लावला का झालं."

"मादी आहे."

"मंग थोडं आत जा लागंल."

"याआधी कधी गेलात? सशाच्या आत?"

"जेवताना गेला असंल," हे म्हणाले, आणि तो इतका खदखदून हसला की तोंडातला सुपारीचा चघळलेला तुकडा उडाला आणि सशिणीच्या उघड्या छातीवर, बरोबर त्या ओल्या जागेवर जाऊन चिकटला. मी तो बोटांनी काढला. कोमट होता. दोघंही अजून हसत होते. मी सशीण टोपलीत घातली, झाकण लावलं आणि देवाला म्हणाले, "तुम्ही म्हशीचंच पाहा जी."

 घरी आल्यावर हे वैतागून म्हणाले, "तुले डॉक्टर पाह्यजे का घासलेलं भांडं पाह्यजे?"

"दोन्ही."

तिसरीचा पत्ता माझ्याच वॉर्डात लागला. सालेकशाच्या जंगलपट्टीतली एक बाई बाळंत होऊन पडली होती. गप्पांच्या ओघात म्हणाली, "आमच्याकडची ढोरायची डॉक्टरीन येडी हाय, बाई. कुकरात कैच्या शिजवते." माझ्या अंगावर काटा आला, सुखाचा. पुढच्याच सुटीला मी ह्यांना मोटारसायकल काढायला लावली आणि टोपली मांडीवर घेतली.

सालेकशाच्या वाटेवरच्या एका गावातला सरकारी दवाखाना. बाहेर शेळ्यांच्या लेंड्या, रंग उडालेली भिंत, मोडकं बाक. डॉक्टरीणबाई तिशीच्या, दुसऱ्या जिल्ह्यातून बदलून आलेल्या. मी प्रश्न विचारला. त्यांनी उत्तर दिलं नाही, कारण पुढचा पेशंट घ्यायला त्या हात धुवायलाच निघाल्या होत्या. मी मागोमाग गेले. साधा नळ. खाली बादली. नखं कापलेली, बांगडी नाही, अंगठी नाही. बोटांच्या बेचक्या, मनगट, कोपर. पाणी बोटांकडून कोपराकडे सोडलं, उलटं नाही. मला मुलगा असता तर तिथंच सोयरीक बोलले असते. आत स्टोव्हवर कुकर होता, झाकणावर लाल रंगानं लिहिलं होतं, "जेवणाचा नाही."

"सशिणी किती ऑपरेट केल्यात?" मी विचारलं.

"कॉलेजात बऱ्याच केल्या. इथं आल्यावर चार. त्यातली एक दगावली."

"कशानं?"

"माझ्या चुकीनं. वजन अंदाजानं धरलं आणि भुलीचं औषध जास्त झालं. आता आधी तोलते."

त्यांनी सशिणीला खालून आधार देत उचललं आणि किराणा दुकानात असतो तशा काट्यावर ठेवलं. पंचवीस वर्षांत किती डॉक्टर पाहिले मी. 'माझ्या चुकीनं' हे दोन शब्द तोंडातून काढताना पाहिलेली ही पहिली. मी तिथंच ठरवून टाकलं.

"सोमवारी सकाळी आणा," त्या म्हणाल्या. "आणि उपाशी ठेवू नका. येईपर्यंत खाऊ द्या. टोपलीतही गवत ठेवा."

मी मान डोलावली. मनात मात्र म्हटलं, पोर हुशार आहे, पण लहान आहे.

याचं कारण सांगते. शिबिराच्या सकाळी रांगेतल्या प्रत्येक बाईला मी एकच विचारते, "काही खाल्लं का?" आणि प्रत्येक बाई देवाची शपथ घेऊन सांगते, चहाचा घोट घेतला नाही. मग भूल चढली की त्याच शपथेतून पोहे बाहेर येतात. एकीच्या घशातून अख्खा भात मी बोटांनी ओढून काढलाय. निळी पडली होती ती. भरल्या पोटाचा पेशंट मला स्वप्नातही घाम फोडतो. तेव्हा रविवारी संध्याकाळी मी सशिणीपुढचं गवत उचललं, पाण्याची वाटीही उचलली, टोपली घासून त्यात धुतलेलं पांढरं कापड अंथरलं.

"डॉक्टरीननं तं खाऊ द्या म्हटलं ना?" हे म्हणाले.

"तिला पुस्तकातलं माहीत आहे. मला थिएटरमधलं माहीत आहे."

"मंग तूच काप," हे म्हणाले आणि झोपायला गेले.

सोमवारी धुक्यातून गेलो. दवाखान्याच्या बाकावर एक म्हातारी तिची फुगलेली शेळी घेऊन आमच्या आधीच बसली होती. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"खाल्लं का हिनं?"

"हो," मी म्हणाले. "पोटभर."

किती सहज निघालं ते तोंडातून. रांगेतल्या माझ्या बायकांपेक्षाही सहज.

त्यांनी टोपलीचं झाकण उघडलं, आणि सशिणीकडे न पाहता खालचं कापड पाहत राहिल्या.

"टोपली फार स्वच्छ आहे."

"मी स्वच्छच ठेवते."

"नाही, सिस्टर. इतक्या लांबून येताना खाल्लेला ससा टोपलीभर लेंड्या टाकतो. इथं एक नाही."

 बाकावरची म्हातारी ह्यांना म्हणाली, "लबाड बोलली ना बाई?" हे जमिनीकडे पाहू लागले.

डॉक्टरीणबाईंनी सशिणीच्या पोटाला नळी लावली. बराच वेळ ऐकलं. मग नळी माझ्या कानात घातली. सशाच्या पोटात कायम काहीतरी गुरगुरत असतं म्हणे. मला विहिरीत कान घातल्यासारखं वाटलं. तळाशी काहीच नाही.

"ससा ओकत नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. "त्याला ओकताच येत नाही, म्हणून उपाशी ठेवायचं कारणच नसतं. उलट पोट रिकामं झालं की आतडं थांबतं, आणि आतडं थांबलं की ससा मरतो. टेबलवर घ्यायची गरजच पडत नाही." मग माझ्याकडे पाहिलं. मी त्या बेसिनकडे जसं पाहिलं होतं ना, अगदी तसं. "तुम्ही मला हात विचारले, किती केल्या विचारलं, मेली कशी विचारलं. मी सगळं खरं सांगितलं. मी तुम्हाला एकच विचारलं."

माणसाला स्वतःची किळस येते ती पोटातून येत नाही, मानेतून येते. मान वर होत नव्हती.

"ऑपरेशन आज नाही," त्या म्हणाल्या आणि हातात बिनसुईची सिरिंज दिली, वाटीत भिजवलेल्या खाद्याचा हिरवा लगदा दिला. "भरवा. थोडं थोडं, गालाच्या कडेनं. पोट चोळत राहा."

मी त्या मोडक्या बाकावर बसले. लगदा सशिणीच्या मिशांवरून माझ्या साडीवर, साडीवरून चपलेत. तिला गिळायचं नव्हतं. तिचं अंग गार लागत होतं. हे कुठंतरी गेले आणि हिरवी कोथिंबीर, मुळ्याचा पाला, कोणाच्या तरी बांधावरचं ओलं गवत घेऊन आले. माझ्या शेजारी बसून एकेक काडी तिच्या नाकाशी धरू लागले. दुपार झाली तरी ती तोंड फिरवत होती.

"बालाघाटहून येताना," मी म्हणाले, "टॉवेल मी बांधला होता. घट्ट. ऊन नव्हतं लागलं त्याला."

"मले माहीत हाय."

"कसं?"

"तशी गाठ घरात दुसऱ्या कोणाले येते?" ते म्हणाले. "दवाखान्यातली गाठ होती ते." आणि पुन्हा काडी पुढं केली.

दोन वर्षं माहीत होतं या माणसाला. शेळीवाली म्हातारी जाताना थांबून सशिणीकडे पाहून म्हणाली, "तुम्हाले खायची नाही तं कायले एवढा जीव आटवता?" आणि उत्तराला थांबली नाही. उन्हं कलताना सशिणीनं कोथिंबिरीचं एक पान ओढलं. मग दुसरं. डॉक्टरीणबाईंनी नळी लावली, मान हलवली. "चालू झालंय. शनिवारी आणा. आणि या खेपेला टोपली घाणेरडी आणा."

शनिवारी मी आणली. सबंध वाटभर टोपली मांडीवर होती आणि तळातून सगळं गळत होतं. गवत, लेंड्या, मुताचा तिखट वास. नवीन साडीचा निऱ्यांपाशी नकाशा झाला होता. दवाखान्यात शिरताना मी टोपली अशी पुढं धरली होती की जणू नवरीचं ताट. डॉक्टरीणबाईंनी झाकण उचललं, वास घेतला आणि प्रश्न विचारलाच नाही.

मला आत उभं राहू दिलं त्यांनी. कुकरची शिट्टी झाली, कैच्या निघाल्या, वजन झालं, सुई गेली. पोट उघडलं तेव्हा मी इतक्या वर्षांच्या सवयीनं पुढं वाकले. दोन शेंगांसारखं गर्भाशय, एकीकडची शेंग जाड, निळसर, आत पाणी धरलेली. ट्रेमध्ये पडताना तिचा जो ओला आवाज झाला तो मी लिहिणार नाही. कापसाचे बोळे मी मोजले, त्यांनीही मोजले, आकडे जुळले. टाका पाहिला. माझ्या डॉक्टरांचाही इतका बारीक नसतो.

सशीण शुद्धीवर आली, डगमगत उभी राहिली, पालाही खाऊ लागली, तरी डॉक्टरीणबाई सोडेनात. "थोडं थांबा," म्हणाल्या. कशासाठी ते सांगितलं नाही. आम्ही दोघं खाली फरशीवर बसलो.

आणि मग तिनं ते केलं. पाठ वाकवली, मागच्या दोन पायांमध्ये तोंड घातलं, आणि शेपटीखालून जे बाहेर येत होतं ते जमिनीला लागू न देता थेट तोंडात घेतलं. नेहमीची कोरडी गोळी नव्हती ती. काळसर, चकचकीत, द्राक्षाच्या लहान घोसासारखं मऊ. वास बाकापर्यंत आला. तिनं चावलंही नाही, गिळून टाकलं आणि आमच्याकडे समाधानानं पाहिलं. मी रक्त पाहिलंय, पू पाहिलाय, कोमट सुपारी हातानं उचललीय. यावेळी मात्र लगेच पदर तोंडाला लावला.

"झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोट नीट चालतंय. न्या घरी."

"हे... आजारामुळं?"

"रोज करते. पहाटे बहुतेक. ते खाल्लं नाही तर ससा जगत नाही. दोन वर्षांवर झाली तुमच्या घरी, कधी पाहिलं नाहीत?"

"नाही."

"टोपली फार लवकर झाडता तुम्ही," त्या म्हणाल्या आणि कुकर घासायला आत गेल्या.

हे पुढं सरकून डोळे फाडून पाहत होते. "पुन्हा करून राहिली पाहा," ते कुजबुजले. सशिणीची पाठ वाकू लागली होती.  मी पदर तोंडावर गच्च दाबला आणि कोपरानं ह्यांना ढोसलं.

"सरका जी थोडं. मला दिसत नाही."